डाव्या कानाचा धागा

पहिल्या रात्री फक्त पाठीवर झोपायचं.
मानेखाली चादरीची घडी,
डोक्याभोवती पट्टी एवढी जाड
की आई म्हणाली, फेटा बांधलाय, चल आता वरातीला.
मी हसले नाही. हसलं की टाके ओढतात.

शाळेत मला 'वर्ल्ड कप' म्हणायचे.
दोन कान, धरायला सोयीचे.
तिसरीतल्या म्याकलच्या पोरानं
खरंच धरून उचलायला पाहिलं होतं.
मग वीस वर्षं केस मोकळे,
मे महिन्यातसुद्धा, त्रेचाळीस डिग्रीत,
घामानं मानेला चिकटलेले.
पतपेढीच्या काउंटरवर बसताना
मी आधी बघायची, पंखा कुठल्या बाजूला आहे.

डॉक्टर हत्तुरेंनी कागदावर कान काढला.
मागून चीर, कूर्चा दुमडायची, आतून टाके.
खाली बारीक अक्षरांत बाकीचं:
सूज, बधिरपणा, रक्त साकळणं, पू,
वण जाड होणं, दोन कान एकसारखे न दिसणं,
कान पुन्हा पुढे येणं.
मी सही केली, तारीख घातली.
आई याला विकतचं दुखणं म्हणते.
बरोबर आहे. पावती आहे माझ्याकडे.

दोन्ही दुखले तर गोळी घ्या,
एकच जास्त दुखला तर फोन करा,
सिस्टर सुवार्ता म्हणाली होती.
दुसऱ्या रात्री दोनला
डावा कान एकटाच ठणकायला लागला,
पट्टीच्या आत कुणी माग चालू केल्यासारखा.
बाबांना हाक मारली. मग आठवलं.
चौतीस वर्षं खडखडाटात काढलेला माणूस,
त्याला हलवूनच उठवावं लागतं.

रिक्षा अशोक चौकातून निघाली.
एका कारखान्याचा दिवा जळत होता,
टॉवेलांचे गठ्ठे दाराशी.
बाबांनी माझं डोकं धरलं नाही,
फक्त खड्डा आला की माझ्या मानेमागे हात न्यायचे
आणि न टेकवता तसाच ठेवायचे.

पट्टी उघडली. जांभळाएवढं साकळलेलं रक्त.
बरं झालं आलात, डॉक्टर म्हणाले, सकाळची वाट नाही बघितली.
नवी पट्टी. पुन्हा पाठीवर.

मग नुसते दिवस.
कपाळावरून कानांवर घट्ट इलॅस्टिक,
त्याच्याखाली घाम, घामाखाली खाज,
खाजेला हात लावायचा नाही.
लाइट गेली की मी भिंतीकडे बघत बसायची.
शेजारची रुक्साना भाभी आली,
म्हणाली, दाखव ना. मी म्हटलं, काय दाखवू?
कडक भाकरी चावताना कानामागे कळ जायची,
म्हणून आई ती दुधात भिजवून द्यायची,
आणि पुटपुटायची. पुटपुटणं मला ऐकू यायचं.

सहाव्या आठवड्यात बाबा जवळ बसले.
काही सांगितलं की त्यांचा तळवा कानामागे जातो,
कान पुढे ढकलतात, ओठांकडे बघतात.
इतकी वर्षं बघत आलेय,
पण त्या दिवशी पट्टा काढून बसले होते
आणि समोर माझाच जुना कान होता,
बाबांनी हातानं पुढे आणलेला.
मी काय सांगत होते तेच विसरले.

हल, ते म्हणाले. मान वळव.
त्यांचं बोट डाव्या कानामागे थांबलं.
गाठ वर आलीय. सूत बाहेर निघालंय.
आरशात मला काही दिसलं नव्हतं.
तुटकं सूत त्यांच्या बोटांना डोळ्यांआधी कळतं,
ताण्यातल्या हजारांतलं एक.
नोप्पी उंदा? त्यांनी विचारलं.
दुखत नव्हतं. तिथं काहीच नव्हतं,
त्यांचं बोटसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांनी तो टाका काढला.
महिनाभरात डावा कान थोडा पुढे सरकला.
फार नाही. पण मला माहीत आहे,
आणि फोटोला माहीत आहे.
सहा महिन्यांनी परत करता येईल, ते म्हणाले.
मी कॅलेंडरवर खूण केली, पेन्सिलीनं.

सोमवारी केस वर बांधून पतपेढीत गेले.
कुणी काही बोललं नाही.
एका आजोबांनी पासबुक पुढे सरकवलं
आणि व्याज कमी का लागलं ते विचारलं.
उजवा कान अजून बधिर आहे.
डाव्याला, साडेअकराच्या सुमारास,
पाठीमागून पंख्याचा वारा लागला.